फॉरमॅट मारायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा: "मी सांगलीत विश्रामबागेत राहते. घरच्या कॉम्प्युटरवर मार्केट यार्डातल्या दोन अडत दुकानांचं टॅली आणि जीएसटीचं काम करते. गेले आठ दिवस अँटीव्हायरस दिवसातून पंधरा-वीस वेळा सांगतो की 'आरडीपी हल्ला अडवला', आणि दर वेळी वेगळ्याच देशातला आयपी पत्ता दाखवतो. परवा रात्री माउसचा बाण आपोआप सरकला. मुलगा म्हणतो फॉरमॅट मार. भाऊ म्हणतो ते पत्ते घेऊन पोलिसांत जा. कोणाचं ऐकू?"

ताई, आज दोघांचंही ऐकू नका. फॉरमॅट करावं लागेलही कदाचित आणि पोलिसांकडे जावंही लागेल, पण आधी काय झालंय ते बघू. आरडीपी म्हणजे विंडोजची दूरून कॉम्प्युटर वापरण्याची सोय, आणि आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवर यंत्राला मिळालेला नंबर. सांगली-मिरजेत हेच काम करून मला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत चोरापेक्षा घाईने जास्त नुकसान केलेलं मी पाहिलंय.

आपण नदीकाठची माणसं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण पुलाजवळ पाणी किती आहे आणि आपल्या उंबऱ्याच्या आत आलंय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमचा अँटीव्हायरस पहिल्याचं उत्तर देतोय. तुम्हाला भीती दुसऱ्याची आहे.

नदी तर कायम वाहतेच. इंटरनेटवर जुन्या पद्धतीचे साधारण ४३० कोटी आयपी पत्ते आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की वेगवान जोडणी असलेला एकच कॉम्प्युटर ४५ मिनिटांच्या आत या सगळ्या पत्त्यांची एक-एक कडी वाजवून येऊ शकतो. आज असे हजारो कॉम्प्युटर हेच काम रात्रंदिवस करतात. त्यांना तुमचं नाव माहीत नाही, हळदीच्या सौद्यांशी त्यांना देणंघेणं नाही. कोणी तुमच्या मागावर आहे, हा विचार आधी मनातून काढा. आणि जो पत्ता दिसतो तो बहुतेक वेळा कुठल्या तरी बिचाऱ्याच्या हॅक झालेल्या कॅमेऱ्याचा, राउटरचा किंवा भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचा असतो. ती यादी घेऊन कुणाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्या पत्त्यावर उलट काही पाठवायला कोणी सांगितलं तर अजिबात करू नका. दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीशिवाय शिरणं आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तुम्हालाही तेवढंच लागू आहे.

पण तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला खटकली, आणि खरं उत्तर तिथेच आहे. घरात राउटर असला की बाहेरची टकटक राउटरवरच थांबते. आतल्या कुठल्या यंत्राला ती द्यायची हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो ती टाकून देतो. मग ही टकटक तुमच्या अँटीव्हायरसपर्यंत पोचली कशी? आपल्याकडे याची दोन कारणं मला वारंवार सापडली आहेत. एक, केबलवाल्याची वायर राउटरमध्ये न लावता सरळ कॉम्प्युटरच्या मागे खोचलेली असते आणि कॉम्प्युटरवरूनच नेट डायल केलं जातं. दुसरं, आणि तुमच्या बाबतीत मला याचाच दाट संशय आहे: दुकानातून घरचं टॅली उघडता यावं म्हणून कोणीतरी राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट तुमच्या कॉम्प्युटरकडे वळवून ठेवलाय. ३३८९ हा आरडीपीचा ठरलेला दरवाजा. लॉकडाउनच्या काळात असं काम किती ठिकाणी झालं असेल याची गणतीच नाही. करून दिलं, काम भागलं, आणि दरवाजा उघडाच राहिला.

हे मी कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. असा एक दरवाजा मी स्वतः उघडून दिला होता. मिरजेच्या एका व्यापाऱ्याचं दुकान. पासवर्ड दुकानाच्या नावापुढे १२३. मी त्याला म्हटलं, नंतर बदला. त्याने बदलला नाही, मी पुन्हा विचारलं नाही. एका सोमवारी सकाळी दिवाणजींचा फोन आला, टॅली उघडत नाही. जाऊन पाहिलं तर सगळ्या फाइलींची नावं बदललेली, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एक इंग्रजी चिठ्ठी. बॅकअप होता, पण ती हार्ड डिस्क कॉम्प्युटरलाच कायमची जोडलेली, म्हणून तिच्यावरच्या फाइलीही गेल्या. पावत्यांच्या गठ्ठ्यांवरून वर्षाचा हिशेब पुन्हा घालायला त्यांना अडीच महिने लागले. तो सोमवार मी विसरलेलो नाही, म्हणूनच हे एवढं सविस्तर लिहितोय.

आता माउसचा बाण. आरडीपीने आत आलेला माणूस तुमच्या डोळ्यांसमोर बाण फिरवत नाही. आपल्या साध्या विंडोजमध्ये तो त्या रस्त्याने शिरला की साधारणपणे तुमच्याच पडद्यावर लॉक स्क्रीन येते आणि तुम्ही बाहेर पडता. म्हणजे अँटीव्हायरसचे संदेश आणि सरकलेला बाण या एकाच गोष्टीच्या दोन बाजू नाहीत, त्यांचा तपास वेगवेगळा करायचा. बाण बहुतेक वेळा साध्या कारणाने सरकतो: चकचकीत सनमायका, काच, उतरलेला सेल, माउसच्या पोटातल्या भिंगावरचा केस. लॅपटॉप असेल तर टचपॅडवरची ओल, आणि पावसाळ्यात हे फार होतं. माउस काढून ठेवा आणि दहा मिनिटं पडद्याकडे बघा. थरथरणारा, एकाच दिशेला घसरणारा बाण म्हणजे माउसचा दोष. माणसाचा हात वेगळा ओळखू येतो. तो बाण नेमका कुठेतरी जातो, खिडकी उघडतो, ब्राउझरमध्ये काहीतरी टाइप करतो. तसं दिसलं तर संशय एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर असल्या, दूरून तुमचाच पडदा चालवू देणाऱ्या प्रोग्रॅमवर घ्यायचा. सॉफ्टवेअर दुरुस्त करून देणाऱ्याने कधी तुमच्याकडे असा प्रोग्रॅम टाकून त्याला कायमचा पासवर्ड लावून ठेवलाय का, आठवून बघा. हे प्रोग्रॅम आलेल्या जोडण्यांची नोंद स्वतःच ठेवतात. एनीडेस्कची 'कनेक्शन ट्रेस' नावाची साधी मजकुराची फाइल असते, तीत कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या नंबरवरून जोडणी आली ते लिहिलेलं असतं. परवा रात्रीची वेळ तिथे आहे का ते बघा.

आता आज काय करायचं ते.

नेटची वायर काढा. वाय-फाय असेल तर ते बंद करा. कॉम्प्युटर मात्र चालू राहू द्या, बंद केला की मेमरीतल्या काही खुणा जातात. अपवाद एकच: डोळ्यांसमोर फाइलींची नावं बदलताना दिसली तर दुसरा विचार न करता वीज तोडा, जे उरलंय ते तरी वाचेल. जीएसटीच्या सहीचं टोकन यूएसबीला लावलेलं असेल तर काढून कपाटात ठेवा. आपल्याकडे ते टोकन महिनोन्महिने तसंच खोचलेलं असतं, पिन शेजारच्या कागदावर. आत शिरलेल्या माणसाच्या हातात त्यामुळे तुमच्या अशिलाची सही आयतीच पडते. बॅकअपची हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, सगळं सुटं करा. अँटीव्हायरसच्या संदेशांचे मोबाइलने फोटो घ्या, तारीख-वेळ दिसेल असे.

मग पासवर्ड. ते या कॉम्प्युटरवरून बदलायचे नाहीत. आत कोणी असेल तर नवा पासवर्ड त्यालाच पहिल्यांदा कळेल. मोबाइलवरून, घरचं वाय-फाय बंद करून, मोबाइलच्या डेटावर करा. सुरुवात बँकेपासून नको, ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, कारण ब्राउझरमध्ये साठलेली लॉगिनची खूण चोरलेली असेल तर पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही न देता आत जाता येतं. जीमेलमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर जरूर बघा. मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जाईल अशी सोय चोर करून ठेवतो आणि पासवर्ड बदलल्यावरही ती चालूच राहते. पुनर्प्राप्तीसाठी दिलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, तेही तपासा. मग बँक, मग जीएसटी पोर्टल. दोन्ही दुकानदारांना स्वतः फोन करून सांगा. लाज वाटायचं कारण नाही, उशीर झाला तर मात्र त्यांचा राग रास्त असेल.

पाणी घरात आलंय का हे कळण्याची जागा विंडोजमध्येच आहे. इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची नोंदवही उघडा, त्यात विंडोज लॉग्ज, मग सिक्युरिटी. तिथे प्रत्येक घटनेला नंबर असतो. ४६२५ म्हणजे चुकलेलं लॉगिन. हे तुम्हाला शेकड्यांनी, कदाचित हजारांनी दिसेल. घाबरू नका, हे पुलाजवळचं पाणी. ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन. हेही खूप दिसतील, कारण विंडोज स्वतःच्या कामासाठी सतत लॉगिन करत असतं. त्यातलं फक्त ते शोधा जिथे लॉगऑन प्रकार १० (आरडीपीने नव्याने आत येणं) किंवा ७ (आधीच चालू असलेल्या लॉगिनमध्ये शिरणं) आहे आणि पत्ता बाहेरचा आहे. तुम्ही किंवा दुकानवाल्यांनी केलेलं नसलेलं असं एक जरी सापडलं, तरी उंबरा ओलांडला गेलाय असं समजा. ४७२० म्हणजे नवीन वापरकर्ता तयार झाला. ११०२ म्हणजे ही नोंदवहीच पुसली गेली, आणि ती तुम्ही पुसलेली नसेल तर दुसऱ्या पुराव्याची गरजच नाही. हे काम उद्यावर ढकलू नका. या नोंदवहीला ठरावीक जागा असते, मुळात फक्त २० एमबी. हजारो चुकलेल्या लॉगिनांनी ती काही दिवसांत भरते आणि जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या जातात. उजव्या बाजूला सगळ्या घटना सेव्ह करण्याचा पर्याय आहे. तो वापरून फाइल रिकाम्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि जपून ठेवा.

मुलाच्या फॉरमॅटला मी अडवतोय ते यासाठीच. सांगलीतल्या एका घरी मी पोचायच्या आत पुतण्याने विंडोज नवीन टाकून ठेवलं होतं. यंत्र स्वच्छ झालं, पण चोर कुठून आला, काय घेऊन गेला, हे कळायची सोय संपली. ईमेल चोराच्या ताब्यात होता, तो तसाच राहिला. तीन आठवड्यांनी त्याच कुटुंबाच्या नावाने नातेवाइकांना पैसे मागणारे मेल गेले.

आणखी दोन-तीन जागा बघा. इन्स्टॉल झालेले प्रोग्रॅम तारखेप्रमाणे लावा आणि ओळखीचं नसलेलं काय आहे ते टिपून घ्या. टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप भाग, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स. आणि विंडोज सिक्युरिटीमधली 'एक्सक्लूजन्स'ची यादी, ही फार थोडे लोक बघतात. इथे लिहिलेल्या फोल्डरकडे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, ढुंकूनही बघत नाही. तिथे अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला मी पाहिलाय. तो येतो कुठून? फुकटच्या विंडोजसाठी चालवलेल्या ॲक्टिव्हेटरमधून, मराठी टायपिंगच्या, फोटोच्या, हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या क्रॅकमधून, म्हणजे पैसे न देता चालवायला फोडलेल्या प्रतींमधून. क्रॅक चालवताना सूचना असते की आधी अँटीव्हायरस बंद करा, आणि आपण करतो. पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम बहुतेक घरांत असेच, आपल्या हाताने आत येतात. हजार टकटकींपेक्षा मला या एका क्रॅकची भीती जास्त वाटते. अलीकडे आणखी एक प्रकार आलाय: एखादं पान म्हणतं, 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा', आणि त्यासाठी विंडोजचं बटण आणि आर दाबून काहीतरी पेस्ट करायला लावतं. असं कुठलंही खरं पान कधीच सांगत नाही. घरात कोणी ते केलं असेल तर न रागावता विचारून घ्या. रागावलात तर खरं उत्तर मिळणार नाही.

हे सगळं पाहून फक्त ४६२५ सापडले, बाकी सगळं ओळखीचं निघालं, तर फॉरमॅटची गरज नाही. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा. पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो आणि राउटरच्या बुडाखाली चिकटवलेला असतो. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग किंवा व्हर्च्युअल सर्व्हर नावाचा भाग असेल. त्यातली ३३८९ ची ओळ काढून टाका. पोर्टचा नंबर बदलून ठेवू असं कोणी सुचवेल, त्याने फक्त थोडे दिवस शांतता मिळते. डीएमझेड (बाहेरची सगळी टकटक एकाच यंत्राकडे पाठवणारी सोय) चालू असेल तर बंद, यूपीएनपी (प्रोग्रॅमना आपोआप दरवाजे उघडू देणारी सोय) बंद, बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद. राउटरचा ॲडमिन पासवर्ड अजून ॲडमिनच असेल तर बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड एकामागून एक वापरून. तिथेच डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरची जागा बघा. तुमच्या नेटवाल्याने दिलेले नसलेले आकडे असतील तर राउटर फॅक्टरी रीसेट करून पुन्हा लावायला सांगा. वायर सरळ कॉम्प्युटरमध्ये येत असेल तर मध्ये साधा राउटर बसवा. मग कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये रिमोट डेस्कटॉपही बंद करा. तुमचं विंडोज होम असेल तर ती सोय मुळात त्यात नसतेच आणि ही सगळी टकटक भिंतीवर होत होती. प्रो असेल तर खरोखर दारावर होत होती.

दुकानवाल्यांना घरचं टॅली लागतच असेल तर व्हीपीएन, म्हणजे दोन्हींमधला खासगी, बंद रस्ता, लावून द्या. ते जमण्यासारखं नसेल तर एनीडेस्कसारखा प्रोग्रॅम तुम्ही समोर बसलेल्या असताना, तुम्ही होकार दिल्यावरच चालेल असा ठेवा. कायमचा पासवर्ड नको. जी सोय दोघांनाही थोडी अडचणीची वाटते तीच इथे बरोबर.

आत शिरल्याची एक जरी खूण सापडली तर साफसफाई करत बसू नका. त्या विंडोजवर पुन्हा विश्वास ठेवता येत नाही. तेव्हा फॉरमॅट, पण नोंदी सेव्ह केल्यावर आणि पासवर्ड बदलून झाल्यावर. पोलिसांत तक्रार द्यायची असेल तर जुनी डिस्क तशीच काढून ठेवा आणि नवीन एसएसडी बसवा. डिस्क पुसली की तपासाला काहीच उरत नाही. टॅलीचा डेटा, वर्ड-एक्सेलच्या फाइली, फोटो एवढंच बाजूला काढा. सेटअपच्या फाइली आणि प्रोग्रॅम घेऊ नका. विंडोज दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेल्या पेन ड्राइव्हने टाका, परवाना विकत घ्या. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलाय, तेव्हा यंत्र झेपत असेल तर ११ च टाका. परत आणलेला डेटा उघडण्याआधी तपासून घ्या. सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ पासून सायबर स्वच्छता केंद्र चालवलंय, तिथली तपासणीची साधनं मोफत आहेत.

भावाच्या मुद्द्यावर येतो. एक रुपया जरी गेला असेल तर मिनिटही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि मग बँकेला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. वाटेत गोठवता आले तर मिळतात. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरची लेखी तक्रार त्यानंतर. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, तिसऱ्याच कोणीतरी घुसखोरी केली, अशा व्यवहाराची खबर कामकाजाच्या तीन दिवसांत दिली तर तोटा तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला असेल तर खबर देईपर्यंतचा तोटा तुमचा, त्यानंतरचा बँकेचा. म्हणून खबर दिल्याचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा. पैसे गेले नाहीत पण आत शिरल्याचा पुरावा आहे, तरीही तक्रार द्या. कलम ४३ आणि ६६ खाली तो गुन्हाच आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सोबत सेव्ह केलेली नोंदवही, फोटो, आणि कधी काय दिसलं याचा मराठीत हाताने लिहिलेला तारीखवार कागद न्या. तो कागद तपास करणाऱ्याला सगळ्यात उपयोगी पडतो. अडवलेल्या टकटकींची नुसती यादी घेऊन गेलात तर मात्र त्यांना करण्यासारखं काही नसतं.

बॅकअपबद्दल सांगलीत मी फार बोलायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये तळमजल्यावरच्या दुकानांत कॉम्प्युटर आणि शेजारच्या ड्रॉवरमधला बॅकअप दोन्ही एकदम बुडालेले आपण पाहिलेत. तेव्हापासून माझी गिऱ्हाइकं एक प्रत उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवतात. चोराच्याही हाती ती प्रत लागत नाही. दोन हार्ड डिस्क घ्या, एक शनिवारी जोडा, काम झालं की काढा, पुढच्या शनिवारी दुसरी. आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी कंपनी टॅलीत उघडून बघा, कारण न उघडणारा बॅकअपही मी पाहिलाय.

आज संध्याकाळी मुलाला शेजारी बसवा. राउटरच्या पानावर ३३८९ ची ओळ आहे का आणि बाहेरच्या पत्त्यावरून आलेली, लॉगऑन प्रकार १० किंवा ७ ची एखादी ४६२४ सापडते का, एवढी दोनच उत्तरं मला कळवा. ती ओळ सापडली तर काढण्याआधी तिचा फोटो घ्या, आणि ती कोणी, कधी टाकली होती ते दुकानवाल्यांना विचारून ठेवा.